पुढचं काम

कमळने हिरव्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला. हाताला पपईच्या साली लागल्या, चहाचा चोथा लागला, बांगड्याचा काटा टोचला. कवळी नव्हती.

"ओल्यात न्हाय," हात झटकत ती म्हणाली. "आजोबा, कागदात गुंडाळली होती म्हणता ना? मग ती सुक्यातच गेली."

पुण्याहून आलेले आजोबा रचनाच्या होमस्टेच्या पडवीत बसले होते. ओठ आत गेले होते आणि बोलताना ते तोंडापुढे रुमाल धरत होते. नाश्त्याच्या वेळी कवळी टोचत होती म्हणून त्यांनी ती काढून कागदी रुमालात ठेवली होती. नंतर टेबलावरचे सगळे कागद गोळा करून त्यांनी स्वतःच टाकून दिले.

"मी विचारून टाकले हो," ते म्हणाले. "या बाईंना विचारलं, कागद कुठल्या डब्यात. त्या म्हणाल्या निळ्या. निळ्यातच टाकले."

"मग काळजी नको," कमळ म्हणाली. "आमच्या सुरूवाडीत सुकं ते सुकंच जातं. नऊला टेम्पो गेला, रचनानं निळा डबाच तेवढा दिला होता, म्हंजे आता शेडवर पोचला असंल. पाच मिनिटांत काढून आणते. रचना, स्कूटर काढ."

रचना दारात उभी होती. तिने आजोबांकडे पाहिलं, मग कमळकडे.

"काकी, एवढ्या उन्हात कुठे जाताय? आजोबा पुण्याला गेल्यावर नवी करून घेतील."

"नवी करायला दोन आठवडे लागतील. तवर ह्यांनी काय पेज प्यायची?"

तीन वर्षं कमळ रोज सकाळी ग्रामपंचायतीच्या टेम्पोबरोबर गावभर फिरत होती. गळ्यात शिट्टी, हातात लांब चिमटा. निळ्या डब्यात पावाचा तुकडा दिसला तरी ती डबा परत करायची. त्यावरून सख्ख्या जावेशी तिचं तीन महिने बोलणं बंद होतं. लोक तिला हसले, मग चिडले, मग सवयीने दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालू लागले. समुद्राकडच्या शेवटच्या घरी कमळ खाली उतरायची आणि चालत घरी यायची. टेम्पो पुढे ड्रायव्हर सदा न्यायचा. ओलं खतखड्ड्यात आणि सुकं तालुक्याच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये. तिथे मशीन होतं. ते दाबून गठ्ठे बांधायचं आणि ते गठ्ठे कारखान्याला जायचे. शेडचं उद्घाटन झालं तेव्हा नारळ कमळनेच फोडला होता.

शेडपाशी रचनाने स्कूटर उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही.

शटरवर घोसाळ्याचा वेल चढला होता. कडीतून आत जाऊन तो वरच्या फटीतून बाहेर आला होता आणि त्याला पिवळी फुलं धरली होती. कमळने वेल बाजूला करून कुलूप हातात घेतलं. तिच्या तळव्यावर गंजाचा तांबडा डाग उमटला.

समोर एक माणूस शहाळी विकत होता. कोयता न थांबवता तो म्हणाला, "मागल्या साली पावसाच्या आधीच बंद झालं ते. मोटार जळली म्हणत होते."

"आणि टेम्पो? सुरूवाडीचा टेम्पो कुठं जातो मग?"

"तो? तो खाडीवर जातो. रोजच जातो."

कमळ मागे वळली. स्कूटरचं इंजिन अजून चालूच होतं.

"चल खाडीवर," ती म्हणाली.

जुन्या मिठागराच्या बांधावर टेम्पो उलटा लावला होता. मागची फळी पाडून सदा फावड्याने माल खाली ओढत होता. टेम्पोच्या मधोमध ओल्या-सुक्याची उभी फळी होती आणि तिच्या दोन्ही बाजू नीट भरलेल्या होत्या. आधी त्याने ओलं ओढलं. भात, साली, माशांची डोकी बांधाच्या उतारावरून घसरत चिखलात गेली. मग त्याच्यावर सुकं. बगळे थोडे उडाले आणि परत बसले. खाली तिवरांच्या फांद्यांना, भरतीचं पाणी पोचतं तिथपर्यंत, पिशव्या लोंबत होत्या.

"सदा!"

सदाने फावडं थांबवलं. "वहिनी? तू इथं कशाला आलीस?"

"किती दिवस चाललंय हे?"

"शेड बंद झाली तवापासून."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"सरपंच बोलले, तिला नको सांगू." सदाने कपाळावरचा घाम दंडाला पुसला. "आणि मला वाटलं, तुला कळलं असंल. आख्ख्या गावाला ठाऊक हाय."

कमळने रचनाकडे पाहिलं. रचना ओढणीच्या टोकाने स्कूटरचा आरसा पुसत होती. आरसा स्वच्छच होता.

 कमळ सदाजवळ गेली आणि तिने त्याच्या हातातलं फावडं हिसकावून चिखलात फेकलं.

"तुझा बाप ह्याच खाडीत पाग टाकायचा. जाळ्यातली निवटी मासळी वाडीभर वाटायचा. आणि तू त्याच पाण्यात रोज हे ओततोस?"

"मला नेमून दिलंय ते मी करतो. ह्या गाडीवर माझं घर चालतं."

"मग मधे फळी कशाला लावतोस अजून? कुणाला दाखवायला?"

सदा फावडं काढायला चिखलात उतरला.

ती उतारावर बसली आणि हातांनी ढीग उकरू लागली. एकेक घर तिला ओळखू येत होतं. या धुतलेल्या पिशव्या मोहल्ल्यातल्या अख्तरुन्निसा चाचींच्या, ही झाकणं काढून चेपलेल्या बाटल्यांची पिशवी मास्तरांची. या माणसांना तिने दारात उभं करून शिकवलं होतं, झाकण वेगळं काढा, मशीन अडकतं म्हणून. तासभर ती उकरत राहिली. नखांत काळा चिखल भरला. कवळी मिळाली नाही.

परत येऊन ती पडवीत आजोबांसमोर उभी राहिली.

"आजोबा, तुमचे दात खाडीत गेले."

"खाडीत?" आजोबांनी रुमाल खाली घेतला. "पण मी तर निळ्या डब्यात टाकले होते हो."

कमळ तिथून निघाली. रचना फाटकापर्यंत तिच्यामागून आली.

"काकी, रागवू नका. तुम्ही एवढ्या मनापासून करत होतात. तोंडावर कसं सांगायचं? आणि पाहुण्यांना आवडतं ते. दोन डबे बघितले की बरं वाटतं त्यांना. फोटो काढतात."

"म्हंजे मी पण पाहुण्यांसाठीच," कमळ म्हणाली. "डब्यासारखी."

सरपंच दिनानाथ पंचायतीच्या खोलीत पंख्याखाली बसले होते. कमळच्या साडीला लागलेला चिखल त्यांनी पाहिला आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

"पाणी नको, भाऊ. शेड कधी उघडणार?"

"बसा तरी, कमळताई. मोटारीची फाइल तालुक्याला गेलीय. ते म्हणतात जिल्ह्याला पाठवली. आमचा पाठपुरावा चालू हाय."

"दोन पावसाळे गेले."

"सरकारी काम हाय, ताई. वेळ लागतो."

"मग तवर लोकांना कशाला सांगायचं, वेगळं करा, धुवा, वाळवा? मी घरोघरी भांडले भाऊ. जावेशी भांडले."

दिनानाथ समजुतीने हसले. "तेच तर सांगतोय. लोकांना सवय लागली, ही काय लहान गोष्ट हाय? आजूबाजूच्या गावांत न्हाय जमलं ते तुम्ही जमवलंत. शेड सुरू झाली की सवय तयार असंल. लोकांकडनं वेगळं करून घ्यायचं, एवढं तुमचं काम. ते तुम्ही चोख केलंत. पुढचं काम तुमचं न्हाय."

कमळने गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. येताना घरून उचललेला चिमटा भिंतीला टेकवला. दिनानाथ काही म्हणत होते, ते ऐकायला ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्याच वेळी निघाली, पण पायी. प्रत्येक दारात उभी राहून तिने सांगितलं, तुमचा कचरा खाडीत जातो, मी डोळ्यांनी पाहिलं. तिला वाटलं होतं, लोक खवळतील. मास्तर म्हणाले, "कल्पना आहे." जाऊ म्हणाली, "बघ, आणि त्यापायी माझ्याशी भांडलीस." कुणी मान हलवली, कुणी चहा विचारला. कुणालाही धक्का बसला नाही. घरागणिक कमळचा आवाज चढत गेला. शेवटी शेवटी तर ती ओरडतच होती आणि लोक तिच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत होते.

अख्तरुन्निसा चाची ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मुलगा कुवेतला आणि घरात त्या एकट्याच.

"ठाऊक होतं ना चाची तुम्हाला?"

"होतं गो."

"मग पिशव्या कशाला धुवत होतात? रोज? माझी कीव आली म्हणून?"

चाचींनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "कीव न्हाय. शरम वाटायची. आपण बोललो तर पुढं काहीतरी करायला लागंल. धुतली पिशवी की जिवाला वाटायचं, झालं आपलं."

कमळ ओट्यावरून उतरली. पण त्या दिवसातलं तेवढंच एक खरं बोलणं होतं, हे तिला घरी पोचेपर्यंत जाणवत राहिलं.

कमळचं घर समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा आणि पंधरा दिवसांनी घरी यायचा. मधले दिवस घर तिचंच. तिने परसात माडाच्या बुंध्याशी खड्डा खणला आणि ओलं त्यात टाकायला सुरुवात केली. सुकं तिने टेम्पोत दिलं नाही. पोत्यात भरून ते पोतं ती पुढच्या ओटीवर, अगदी रस्त्याच्या कडेला ठेवू लागली. तिच्या एकटीचा कचरा तो केवढा असणार. म्हणून ती रोज सकाळी बांधावर जायची, तिवरांत अडकलेलं हाताने सोडवायची आणि खारं पाणी निथळणारी पोती डोक्यावरून घेऊन यायची. दुकानातून ती आता काहीही कागदात बांधून मागायची, तेलाला बाटली घेऊन जायची. वाणी हसला तर ती त्याच्याकडे बघत उभी राहायची, हसू थांबेपर्यंत.

आठवड्यात ओटी भरली. वारा फिरला की वास रचनाच्या पडवीपर्यंत जायचा.

"काकी, हे काय मांडलंय?" रचना तणतणत आली. "पाहुणे विचारतात. कालच्यांनी खोलीचं बुकिंग रद्द केलं."

"काय विचारतात?"

"हे काय आहे म्हणून!"

"मग सांग की त्यांना. तुला ठाऊकच हाय."

"आमचं नुकसान करून तुम्हाला काय मिळणार आहे? आम्ही काय केलंय तुमचं?"

"काही न्हाय केलंस," कमळ म्हणाली. "तू काहीच न्हाय केलंस, रचना."

रचनाचे डोळे भरून आले. कमळने ते पाहिलं आणि तरीही तिचा राग कणभर उतरला नाही. याचं तिला स्वतःलाच थोडं भय वाटलं.

शनिवारी सकाळी टेम्पोचा आवाज आला. सुट्टीचा दिवस, मुंबईच्या गाड्या यायची वेळ. रचनाने तक्रार केली असणार आणि दिनानाथांनी पोती उचलायला माणूस धाडला असणार. कमळ आतून आली आणि ओटीच्या पायरीवर आडवी बसली. हात लावून तर बघ, असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं.

सदाने टेम्पो वळवून मागची बाजू तिच्या ओटीकडे केली. खाली उतरून तो मागे आला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. सरळ फळी पाडली.

टेम्पोत पोती होती. खचाखच भरलेली, तोंडं सुतळीने आवळून बांधलेली.

"सरपंचांनी तुझी पोती न्यायला सांगितलीत," सदा म्हणाला.

"मग ही कुणाची?"

"गावाची." सदाने मान खाजवली. "तू आलीस त्या दिवसापासून सुकं न्हाय टाकलं मी. घरामागं ठेवत होतो. आता बायको ओरडाय लागली, जागा न्हाय म्हणून."

कमळ पायरीवरून उठली. पलीकडे होमस्टेच्या फाटकात रचना उभी होती, हातात झाडू घेऊन. 

"कुठं ठेवू?" सदाने विचारलं.

कमळने ओटीकडे पाहिलं. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. मग तिने रस्त्याकडे बोट केलं.

"कडेला?"

"मधोमध."

सदा क्षणभर थांबला. मग त्याने पहिलं पोतं खांद्यावर घेतलं आणि डांबरावर नेऊन टाकलं. वळणावरून एक पांढरी गाडी आली, थांबली आणि हॉर्न वाजवू लागली. तिच्यामागे दुसरी. कमळने पदर खोचला आणि पुढच्या पोत्याचं एक टोक धरलं.

"हळू घे," ती सदाला म्हणाली. "फुटू देऊ नको."