कच्ची चाकं

आमच्या कारखान्यात लोखंड पोत्यांतून यायचं. राखाडी, मऊ भुकटी, पिठासारखी. हातावर घेतली की रेषांत जाऊन बसायची, मग तीन दिवस साबण लावा. प्रेसच्या साच्यात ती पडायची, वरून दाब बसायचा आणि शिलाई यंत्राचं दातेरी चाक बाहेर यायचं. दिसायला पक्कं लोखंड, पण बिस्किटाहून ठिसूळ. भट्टीत भाजून निघेपर्यंत त्याला हातात धरणं म्हणजे जिवावरचं काम.

ही कच्ची चाकं उचलून ट्रेमध्ये मांडायला बायका असत. कामावर घेताना मेस्त्रींनी शिक्षण विचारलं नाही की वय विचारलं नाही. दहा चाकं पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "इकडची तिकडे करा." माझी तीन फुटली. माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, एकही नाही. तिनं शब्द टाकला, "हिला मी शिकवते," म्हणून मी लागले. हात इतका हलका, की ताईला सगळे कापूसबाई म्हणायचे. एका टेबलाशी आम्ही बावीस वर्षं खांद्याला खांदा लावून बसलो.

ताई एकटी होती. कारखान्यामागची खोली तिला नोकरी असेपर्यंतच होती. नोकरी गेली की दादाच्या घरी जाऊन राहायचं. ताई म्हणायची, "वहिनी वाईट नाही गं. मी पाणी प्यायले की भांडं कुठे ठेवलं तेवढं बघते."

नोकरीच्या तेविसाव्या वर्षी ताईचा उजवा हात थरथरायला लागला. आधी नुसता अंगठा.

"चहा कमी कर," मी म्हणाले.

"चहाला कशाला नावं ठेवतेस? हात माझ्याआधी म्हातारा झालाय."

डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढतच जाणार. ताईनं चिठ्ठीची घडी केली आणि कुणाला दाखवली नाही.

कच्चं चाक फुटलं तरी वाया जात नसे. तुकडे डब्यात टाकायचे, ते दळले की पुन्हा भुकटी, पुन्हा चाक. पण संध्याकाळी मेस्त्री प्रत्येकीचा डबा उचलून बघत.

"काय कापूसबाई, कापसात दगड निघाले का?" ते हसत म्हणाले. मग हसू आवरून, "महिनाभर बघतो."

त्या महिन्यात मी एक उद्योग केला. ताईच्या हातून ज्या चाकाला केसाएवढी चीर जायची, ते मी गुपचूप ओढून घ्यायची. बोट ओठाला लावायचं, भुकटीत बुडवायचं आणि चिरेवरून फिरवायचं. चीर दिसेनाशी व्हायची. मग चाक परत तिच्याच ट्रेमध्ये. ताई मान खाली घालून मांडत असायची. तिचा डबा हलका झाला. मेस्त्रींनी "शाब्बास" म्हटलं, तेव्हा मला तर आभाळ ठेंगणं झालं.

भट्टीतून निघून तेलात बुडवली की सगळी चाकं सारखीच काळी दिसत. दोन महिन्यांनी मालाची खोकी परत आली. चाकांचे दाते यंत्रात तुटत होते. भाजलेलं चाक पुन्हा दळता येत नाही, सगळं भंगारात गेलं. खोक्यांतल्या चिठ्ठ्यांवर एकाच ट्रेचा नंबर होता, ताईच्या.

मेस्त्रींनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हात थरथरतो ते मला दिसत नव्हतं का, बाई? तुम्हाला मी तेलाच्या खात्यात घेणार होतो. टोपली बुडवायची, काढायची. तिथं थरथरला तरी काय बिघडतं? पण चिरा लिंपून माल पुढे पाठवलात. आता माझ्या हातात काही नाही."

मी तोंड उघडायला हवं होतं. माझ्या दोन मुली शाळेत होत्या, नवरा घरी बसलेला. मी भिंतीकडे बघत राहिले. ताईनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चुकलं माझं."

आठवड्याभरात ताईनं खोली सोडली. पेटी मीच उचलून दादाकडे पोचवली.

पुढं अकरा वर्षं मी दर महिन्याला तिला भेटायला जायची. माझ्या मुलींची लग्नं, दादाचे गुडघे, सगळं बोलायचो, एवढं सोडून. शेवटच्या खेपेला वहिनीनं अक्रोडाचं पाकीट फोडून बशी आमच्यापुढे ठेवली आणि ती आत गेली. पाकिटात ‘खाऊ नये’ असं लिहिलेली छोटी पुडी होती. ताईनं ती दातानं फाडली. आतलं बशीत सांडलं.

"बघ, आपली लोखंडाची भुकटी. हवा ओढून घेते म्हणे, खाणं खवट होऊ देत नाही."

बशीला काठाशी एक चीर होती. ताईनं थरथरतं बोट कसंबसं ओठाला लावलं, भुकटीत बुडवलं आणि चिरेवरून फिरवलं.

"असंच करायचीस ना?"

"तुला माहीत होतं?"

"शेजारीच बसायचे की मी."

"मग मला अडवलं का नाहीस, ताई?"

तिनं बोट पदराला पुसलं. "मलाही वाटलं गं, भट्टीत धरेल."

बशी तिच्या हातात खडखडायला लागली. मी ती धरायला गेले, तोवर दोन अक्रोड आणि उरलेली भुकटी जमिनीवर.

आतून वहिनीनं विचारलं, "काय सांडलं?"

"काही नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.