भाकरीचं वाटोळं

हदगावच्या पंचफुलाबाईंची जीभ मोठी तिखट. दूध उतू गेलं, वाटोळं झालं. बस चुकली, वाटोळं झालं. थोरली सून राजकन्या उठता-बसता तोच शब्द ऐकून वैतागली आणि नवऱ्याला घेऊन लातूरला वेगळी राहायला गेली, त्याला चार वर्षं झाली. नातवंडं आता फोनवरच दिसायची. म्हणून धाकटा वैजनाथ बिदरकडची कानडी गौरम्मा लग्न करून घेऊन आला, तेव्हा बाईंनी मनाशी पक्कं केलं, हिच्यासमोर तोंडाला कुलूप.

कुलूप अकरा दिवस टिकलं. बाराव्या दिवशी गौरम्मा माहेरच्यांशी फोनवर बोलत राहिली आणि तव्यावरची भाकरी एका अंगानं कोळसा झाली.

"अगं, पार वाटोळं केलंस की भाकरीचं!"

बोलून गेल्या आणि बाईंनी जीभ चावली. आता हीपण पिशवी भरते की काय! पण गौरम्माचं तोंड तर फुललं. मराठी ती वैजनाथच्या जुन्या शब्दकोशातून शिकत होती, आणि त्यात वाटोळं म्हणजे गोल असं लिहिलं होतं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

"हाव आत्याबाई! माझी आई बी असंच वाटोळं करती. बसा, तुमचं बी करते."

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि ती करपलेली भाकरी सगळी खाल्ली. खरा अर्थ कशाला सांगतील! पुढं तर त्या मुद्दामच म्हणू लागल्या, "झकास वाटोळं केलंस, माय." म्हणताना त्यांना खरंच माया वाटायची.

भादव्यात महालक्ष्म्यांना राजकन्या आली, एका दिवसापुरती. पुरणपोळी वाढताना गौरम्मा कौतुकानं म्हणाली, "अक्का, आत्याबाई रोज म्हणतेत, मी लई झकास वाटोळं करते."

राजकन्येचा हात ताटातच थांबला. तिनं सासूकडं पाहिलं. बाईंच्या मनात आलं, हिनं आता खरं सांगितलं, की दुसरी सूनपण गेली.

"मला बी म्हणायच्या," राजकन्या हळूच म्हणाली. "म्याच उलटा अर्थ घेतला, बाई."

पंचफुलाबाईंना ते सहन झालं नाही. "न्हाई गं," त्या म्हणाल्या, "तू बरोबरच घेतला व्हतास. चुकले ती मी."

गौरम्मा दोघींकडं बघत राहिली. संध्याकाळची लातूरची गाडी राजकन्येनं जाऊ दिली.