'सॅटिस्फॅक्टरी' लिहिलं आणि नात रुसली

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझं पहिलं पान कधीच गळून गेलं, तेव्हा मित्रांनो, वय विचारू नका. छापखान्यात माझी पानं शिवली, वर जाड कापडी पुठ्ठा चढवला आणि शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी मला घरी आणलं.

बाई मोठ्या हुशार. एकाच अर्थाची दोन विशेषणं असली, तरी त्यांचा स्वभाव निराळा असतो, हे त्यांनी ओळखलं होतं. पेन्सिलीने त्यांनी 'फटीग्ड'पुढे 'द' लिहिलं, म्हणजे दप्तरी. आणि 'टायर्ड'पुढे 'घ', म्हणजे घरगुती. अशा खुणांनी मी भरून गेलो. मला त्यांचा फार अभिमान वाटे.

त्यांचे सासरे निवृत्त हेडक्लार्क. परदेशात वाढलेली त्यांची नात, लेकीची मुलगी, मराठी बोलायची, पण वाचायची फक्त इंग्रजी. पोहण्यात पहिली आल्याचं तिने आजोबांना पत्राने कळवलं. आजोबांनी मला मांडीवर घेतलं आणि ऐटीत उत्तर लिहिलं, 'युवर परफॉर्मन्स इज सॅटिस्फॅक्टरी.' त्यांच्या कचेरीत याहून मोठा शेरा नव्हता. तीस वर्षांत तो त्यांनाही दोनदाच मिळाला होता.

नातीची पत्रं बंद झाली. आजोबा तीन महिने पोस्टमनची वाट पाहत होते. शेवटी बाईंनी पत्रात काय लिहिलं होतं ते विचारलं, तेव्हा सगळं कळलं.

"बाबा, हा शब्द 'द'मधला. तिला वाटलं असेल, ठीकठाक म्हणालात."

"मग काय 'हॅपी' लिहू? तो बालवाडीतला शब्द."

"बातमी वाचून तुम्हाला काय झालं होतं?"

आजोबांनी मला बाजूला सारलं. "बाथरूमचं दार लावून रडलो, सूनबाई."

"मग तेच लिहा."

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपली चूक मान्य करायला मोठं मन लागतं. आजोबांनी मला न उघडताच लिहिलं, 'आय वॉज सो हॅपी दॅट आय क्राइड. आय ॲम सॉरी.'

पंधरा दिवसांनी एक जाड पाकीट आलं. आत नातीचं पदक होतं आणि चिठ्ठीत एवढंच, की हे आता आजोबांकडे राहू दे. आजोबांनी या वेळी दार लावलं नाही.

मित्रांनो, माझी सुटी पानं चिकटवत जा, मला वाळवीपासून जपा. पण आपल्या माणसाला पत्र लिहायला बसलात, तर भारी शब्दासाठी मला उघडण्याआधी त्याचा चेहरा आठवा.