इत्सेलची दुभाषी

इत्सेल बार्रागान भगिनीमंडळाची अध्यक्ष झाली तेव्हा मंडळात जेमतेम मूठभर मुली उरल्या होत्या. कॉलेजातल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकन घरांतल्या मुलींनी पूर्वी कधीतरी काढलेलं हे मंडळ. पुढे कुणीतरी नियमांत 'सर्व संस्कृतींच्या भगिनींचं स्वागत' असं एक वाक्य घातलं. ते कुणी कधी मनावर घेतलं नव्हतं. यंदा पाहुआ लोरने घेतलं.

पाहुआ आग्नेय आशियातून आलेल्या ह्माँग समाजातली होती. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोच्या बाजारात तिच्या घरच्यांचा भाजीचा ठेला होता आणि शेजारी एक मेक्सिकन बाई फुलं विकायची. तिच्यापाशी बसून बसून पाहुआ स्पॅनिश शिकली, शिव्यांसकट.

प्रवेशाच्या मुलाखतीला मंडळातल्या ग्रिसेल्दाने सरळच विचारलं, "तुमच्या लोकांचं मंडळ आहे ना गं? मग आमच्यात कशाला?"

पाहुआने स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं, चांगलं लांबलचक. मुली हसल्या. शेवटी ग्रिसेल्दाला तर रडू आलं, तिने डोळे टिपले. इत्सेल अध्यक्षपदाला शोभेल अशी मान डोलावत राहिली. तिला 'बाजार', 'आई' आणि 'टोमॅटो' एवढंच कळलं होतं.

पाहुआ बाहेर गेल्यावर इत्सेल म्हणाली, "मुलगी चांगली आहे. पण आपली भाषा, आपली ओळख जपायला नको का?"

सगळ्यांना पटलं. निर्णय पालकांच्या जेवणानंतर घ्यायचं ठरलं.

त्या जेवणासाठी इत्सेलची आई उलालिया आपलं सलून बंद ठेवून, कणसाच्या सालीत वाफवायच्या तामालेसाठी मक्याचं पीठ मळून घेऊन आली. उमेदवार मुलींनाही मदतीला बोलावलं होतं. उलालियाच्या शेजारी पाहुआ बसली आणि कणसाच्या सालींवर पीठ थापता थापता दोघींची अशी गट्टी जमली, की इत्सेलला आपली आई इतकी बोलकी आहे हे त्या दिवशी कळलं. घरी आई तिच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायची. इत्सेलचं स्पॅनिश जेवण आणि ओरडा यांच्यापलीकडे जात नव्हतं. 'आम्ही घरी स्पॅनिशच बोलतो' असं मात्र तिने मंडळात सांगून ठेवलं होतं.

बोलता बोलता उलालियाचा आवाज खाली आला. पाहुआचे हात थांबले.

"काय म्हणाली आई?" इत्सेलने पाहुआला विचारलं.

"तूच विचार की."

"विचारलं असतं. कळायला नको?"

पाहुआने उलालियाकडे पाहिलं. तिने 'सांग' अशा अर्थी मान हलवली.

"त्या म्हणतात, पहिलीत तू स्पॅनिश बोललीस म्हणून बाईंनी तुला वर्गाच्या दाराशी उभं केलं. कपडे ओले करून, रडत घरी आलीस. तेव्हापासून त्यांनी तुझ्याशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं. त्यांना स्वतःला येत नव्हतं, तरी."

ते दार इत्सेलला आठवत होतं. 'तू मला माझी भाषा दिली नाहीस' असं ती आईला कितीदा ऐकवून चुकली होती, तेही इंग्रजीत. तिने पुढची साल ओढून तिच्यावर पीठ थापायला घेतलं.

"पातळ थाप, मिहा. खूप जाड आहे," आई इंग्रजीत म्हणाली; 'मिहा', म्हणजे 'पोरी', एवढंच स्पॅनिशमध्ये.

ग्रिसेल्दा मागेच उभी होती. "म्हणजे तुला स्पॅनिश येत नाही?"

"नाही."

"मग त्या दिवशी मान कशाला हलवत होतीस?"

"तू रडत होतीस म्हणून."

ग्रिसेल्दा पातेल्यातलं पीठ ढवळायला लागली. "मी आपली तिचा आवाज ऐकून रडले. कळलं मलाही फारसं नाही."

"आणि तू ह्माँग मंडळात का नाही गेलीस?" इत्सेलने पाहुआला विचारलं.

"गेले होते. माझं ह्माँग ऐकून ते हसले."

मतदानाला सगळे हात वर झाले. पाहुआ भगिनी झाली आणि पहिल्याच बैठकीत तिला काम मिळालं: लॅटिना भगिनींना स्पॅनिश शिकवायचं. पुढे कॉलेजने मंडळाचा फोटो काढला, तेव्हा फोटोवाल्याने विविधता दिसावी म्हणून पाहुआला मधोमध उभं केलं. स्पॅनिशमध्ये दोन शब्द बोलायला मात्र इत्सेलला सांगितलं. तिने पाहुआकडे बघून, अडखळत का होईना, बोलून दाखवले.

आता इत्सेल दर रविवारी आईला फोन करते आणि स्पॅनिशमध्ये चुकत चुकत आठवडा सांगते. आई सगळं शांतपणे ऐकून घेते आणि सवयीने इंग्रजीत उत्तर देते.