बजरंगचं आलबेल

माकणीच्या धरणाखालच्या गावात एखादी गोष्ट पार नासली, की लोक म्हणतात, "झालं बजरंगचं आलबेल." मोटार जळाली, सोयरीक मोडली, सोयाबीन भिजलं, पोरगं दहावीला तिसऱ्यांदा बसलं, सगळ्याला हेच एक औषध. नव्या सुनांना वर्ष वर्ष कळत नाही, की हा बजरंग कुणी देवबीव नाही. समोरच्या टपरीवर खाली मान घालून चहा पितोय, तोच तो.

बजरंग धरणावर चौकीदार होता. दर तासाला भिंतीवरून चक्कर मारायची, खोलीपुढं टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर वाजले असतील तेवढे टोल द्यायचे आणि रजिस्टरात लिहायचं: भिंत पाहिली, पाझर नाही, टोल दिला, आलबेल. आलबेल म्हणजे सगळं ठीक. मुकादमानं शिकवलेला शब्द, बजरंगनं इमानानं गिरवलेला.

त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या दिवशीही त्यानं तेच लिहिलं. पहाटे चारच्या सुमाराला गाव झोपेत गाडलं गेलं. बजरंगचं घर बसलं, आई तुळजाबाई त्यात गेली, बायको मालन ढिगाऱ्याखाली अडकली, आणि हा गडी तिकडं दर तासाला आलबेल लिहीत होता. दहा वाजता बदलीचा माणूस आला, तेव्हा कुठं तो घरी पोचला. पुढं कुणीतरी ते रजिस्टर पाहिलं, गावात सांगितलं, आणि सिद्रामप्पानं त्याची म्हण करून टाकली.

सिद्रामप्पा म्हणजे गावचा किराणा दुकानदार, जिभेला हाड नसलेला. रोज सकाळी टपरीवर त्याचा ठरलेला प्रश्न: "काय बजरंग, काय हाल?" बजरंगनं तोंड उघडायच्या आत उत्तरही तोच द्यायचा, "आलबेल!" की टपरी हसली. अशी बत्तीस वर्षं. बजरंगनं तो शब्द पुन्हा कधी उच्चारला नाही. घरात तर त्या सकाळचा विषयच बंद होता. आपण तेव्हाच पळत आलो असतो तर आई वाचली असती, एवढं एकच त्याला वाटायचं, आणि ते तो कुणाला सांगत नव्हता.

आता त्याच्या लेकीचं. दीपमाला भूकंपानंतर दोन वर्षांनी झाली. उमरग्याला राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं, संभाजीनगरला एम.ए., आणि मग दिल्लीला जाऊन डॉक्टर झाली. कशातली डॉक्टर, तर सुरक्षेतली. बजरंगनं टपरीवर सांगितलं, "पोरगी सुरक्षेत डॉक्टर झाली." सिद्रामप्पा म्हणाला, "म्हंजी सिक्युरिटीत लागली म्हण की. बापाचीच जागा धरली पोरीनं." दुसऱ्या दिवशी एक भावकीतला माणूस पोराचा फोटो घेऊन दारात हजर, ह्याला पुण्यात एखाद्या कंपनीच्या गेटवर नोकरीला चिकटवा म्हणून.

हसावं की रडावं कळेना, कारण खरं सांगायचं तर बजरंगलाही नीट ठाऊक नव्हतं. लेक दोन वर्षं नॉर्वे नावाच्या देशात होती, तिथल्या बर्फातले फोटो पाठवायची. आता दिल्लीत शिकवते. एकदा तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मोठं टेबल, टेबलाभोवती मिलिटरीतले साहेब, छातीवर रंगीत पट्ट्या, आणि मधोमध दीपमाला बोलतेय. बजरंगनं आयुष्यभर साधा ओव्हरसियर दिसला तरी ताडकन उठून सलाम ठोकलेला. आणि इथं एवढे मोठे साहेब मान खाली घालून त्याच्या पोरीचं बोलणं लिहून घेत होते. त्यानं तो व्हिडिओ सात वेळा बघितला. आवाज बंद करून, कारण बोलणं इंग्रजीत होतं, आणि बघण्यातच पोट भरत होतं.

तर यंदा उमरग्याच्या तिच्या जुन्या कॉलेजनं तिला व्याख्यानाला बोलावलं. आदल्या दिवशी ती घरी आली, जेवली, आणि बापापुढं एक कागद ठेवला. बजरंगनं चष्मा लावला. त्याचंच अक्षर. त्याच दिवसाचं पान. तिनं तीन वर्षं अर्ज करून त्याची नक्कल मिळवली होती.

"दादा, हे उद्या पडद्यावर दाखवू का? माझ्या पुस्तकात बी घेनार हाय. तुमी न्हाय म्हणला तर दोन्हीकडून काढून टाकते."

उमरग्याला अख्खा तालुका येणार, गावातून दोन जीपा भरून माणसं निघणार, सिद्रामप्पा तर पुढच्या रांगेत बसणार. गावापुरती असलेली फजिती पडद्यावर जाणार, वर पुस्तकात छापून येणार. आणि चौकीदाराची पोरगी म्हणून लोक तिलाही हसणार, हे त्याला जास्त लागलं.

"त्याच्यात काय हाय, ते सांगते की तुमाला," ती म्हणाली.

"नगं," म्हणून तो उठला आणि उगाच म्हशीकडं जाऊन उभा राहिला. म्हैस चरत होती, तिला याची काही फिकीर नव्हती. तिथं त्याला एक गोष्ट सुचली. एवढ्या वर्षांत या पानावर जो तो हसला, पण हसू का, असं कुणी विचारलं नव्हतं. साहेबांना शिकवणारी पोरगी मात्र आपल्याला विचारतेय. तो परत आला आणि म्हणाला, "दाखव."

हॉल गच्च भरला होता. बजरंग आणि मालनबाई दुसऱ्या रांगेत बसले, त्यांच्या पुढं सिद्रामप्पा. दीपमाला उभी राहिली, आणि बजरंगला वाटलं आता ती इंग्रजी फाडणार. पण ती घरच्यासारखं बोलायला लागली.

"माझ्या गावात समदे म्हणत्यात, म्या सिक्युरिटीत लागले," ती म्हणाली. "खरंच हाय ते. माणसाला भ्या कशाचं वाटतं, अन् भरोसा कशाचा वाटतो, एवढंच म्या दहा वर्षं शिकतेय." मग पडद्यावर पान आलं. बजरंगचं अक्षर, पुरुषभर उंच. चार वाजता आलबेल. पाच वाजता आलबेल. सहा, सात, आठ, नऊ. मागं कुणीतरी खुसखुसलं. बजरंगनं मान खाली घातली.

"हसा," दीपमाला म्हणाली. "आमच्या गावाची म्हणच हाय ती. आता ही सकाळ धरणाखाली कशी गेली, ते ऐका. म्या एकशे बारा माणसांना इचारलंय."

आणि तिनं सांगितलं. उजाडताना जी माणसं धड होती ती हातानं, पहारीनं, तव्यानं माती उकरत होती. सातच्या सुमाराला कुणीतरी ओरडलं, धरण फुटलं. झालं, माणसांनी पहारी टाकल्या आणि माळाकडं धूम ठोकली. खाली गाडलेली माणसं हाका मारत होती आणि वरची पळत होती. गाव पाच मिनिटांत मोकळं झालं.

"तेवढ्यात टोल वाजला," दीपमाला म्हणाली. "सात. माळाच्या चढावर एक म्हातारी थांबली. तिनं मोजलं अन् म्हणाली, टोल हाय म्हंजी भिंत हाय, बजरंग काय पाण्यात उभा राहून टोल देतोय व्हय. लोक थांबले. अन् माघारी फिरले. हे मला एकानं न्हाय, सदतीस जणांनी सांगितलं, अन् सगळ्यांनी टोल सातच सांगितले. कुणाकडं घड्याळ नव्हतं. घड्याळ ह्या पानावर हाय."

"त्या टोलानंतर ढिगाऱ्यातून एकोणीस माणसं जित्ती निघाली. दिल्लीत, नॉर्वेत, जिथं जिथं म्या हे मांडलं, तिथं लोकांनी एकच इचारलं, भिंत किती जाड होती? म्या सांगितलं, भिंतीचं मला ठाव न्हाय. रोज भिंत बघून खरं सांगणारा एक माणूस होता, अन् गावाला ते ठाव होतं. माझ्या पुस्तकाचा गाभा एवढाच हाय." ती थांबली, पाणी प्याली. "आजी त्याच्यात वाचली न्हाय. तिचं उत्तर माझ्याकडं न्हाय, अन् म्या उगी देनार बी न्हाय. पण एकोणीस जणांच्या यादीत चौथं नाव मालनबाई हाय. माझी आई. साडेआठला काढली. म्या त्याच्यानंतरची हाय."

बजरंगनं बायकोकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

"म्या आत मोजत व्हते," मालनबाई हळूच म्हणाली. "आठाचे आठ मोजले. तुमी हायसा, एवढं कळलं. सांगनार कुनाला, तुमी इषयच काढू देत नव्हता."

पोरगी तिथं एवढीशी उभी होती, आणि तिनं त्याच्या आयुष्यातली एक सकाळ माणूस माणूस विचारून पुन्हा जोडून आणली होती. त्यानं टोल नेमून दिलेलं काम म्हणून दिला होता. त्याचं पुढं काय झालं, हे कळायला त्याच्या पोटची पोर जन्मून, शिकून, जग फिरून यावी लागली. खरं सांगतो, त्याला तिची थोडी भीतीच वाटली, देवळात वाटते तशी.

मग पुढच्या रांगेतून सिद्रामप्पा उठला. लोकांना वाटलं, आता हा काहीतरी खवचट बोलणार.

"पोरी," तो म्हणाला, "कुणीतरी वरडलं म्हणलीस. नाव न्हाय घेतलंस."

"नावं घेत न्हाय आमी, काका. तशी रीतच हाय."

"माझं घे. म्या वरडलो व्हतो. काय बघितलं नव्हतं, नुसता भ्यालो व्हतो. आन् सगळ्यांच्या म्होरं म्याच पळालो."

दीपमाला टेबलामागून पुढं आली. ती आजची डॉक्टरीण नव्हती, त्याच्या दुकानातून चार आण्याची गोळी घेणारीच पोर होती. "भ्यालेलं माणूस वरडनारच, काका," ती म्हणाली. "बसा तुमी. पुस्तकात नाव येनार न्हाय."

तो बसला. बत्तीस वर्षं गावाला दुसऱ्यावर हसवण्यात त्याचं काय काय झाकलं गेलं होतं, ते ज्याला कळायचं त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बजरंग टपरीवर गेला. सिद्रामप्पा आधीच बाकड्यावर होता. कपातला चहा तसाच. बजरंग बसला, टपरीवाल्यानं त्याच्याही हातात कप दिला.

"काय बजरंग," सिद्रामप्पानं विचारलं, "काय हाल?"

आणि तो थांबला. उत्तर त्यानं दिलं नाही. बजरंगच्या तोंडाकडं बघत बसला, सगळी टपरी बघत बसली.

बजरंगनं कप खाली ठेवला.

"आलबेल," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही.