रबियाचाचींचा डबा, पुरावा क्रमांक एक

फाउंडेशन वर्षाच्या शेवटच्या प्रात्यक्षिकात मी नापास झालो.

हे वाक्य आपण वगळू. असं काही घडलेलं नाही. मी प्रणय, राहणार अब्बासिया, कुवेत, आणि सप्टेंबरमध्ये मी फॉरेन्सिक सायन्स शिकायला इंग्लंडला जाणार आहे. तिथल्या युनिव्हर्सिटीचं फाउंडेशन वर्ष इथल्या एका कॉलेजात करता येतं. ते पास झालं की तिकडे प्रवेश. बारावीला ज्यांनी सायन्स घेतलं नाही आणि नंतर ज्यांना गुन्हेगारांविषयी आस्था वाटू लागली, अशांसाठी ही सोय आहे. मी बारावीला कॉमर्स घेतलं होतं, कारण बाबा अकाउंटंट आहेत. आमच्या घरात हे पुरेसं कारण आहे.

"नापास झालास तर सरळ माझ्या ऑफिसात," बाबा म्हणाले होते. "मुदीरशी बोलून ठेवलंय." मुदीर म्हणजे त्यांचे मॅनेजर. "आणि अकाउंट्समध्येसुद्धा फॉरेन्सिक असतं बरं का. फक्त प्रेत नसतं."

"मग काय असतं?"

"व्हाउचर."

तेव्हा पास होणं आवश्यक होतं.

प्रात्यक्षिक साधं होतं. प्रत्येकाने घरून एक गुळगुळीत वस्तू आणायची. चार विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी एक जण ती आपण समोर नसताना हाताळणार. मग बाई ती पिशवीत घालून सील करणार. रविवारी परीक्षकांसमोर सील फोडायचं, पावडर मारून ठसे उठवायचे आणि चौघांपैकी तो हात कोणाचा ते सांगायचं. मधल्या शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत वस्तू कॉलेजच्या लॅबमध्ये राहणार होती, पण जून महिना होता आणि लॅबचा एसी गेला. त्या उकाड्यात ठसे सोडा, बाकंसुद्धा मऊ पडली असती. म्हणून आमच्या बाईंनी, डॉ. हनान त्यांचं नाव, जॉर्डनच्या आहेत, प्रत्येकाचा पुरावा ज्याच्या त्याच्या ताब्यात दिला.

"ताब्याची साखळी," त्या बोट वर करून म्हणाल्या. "पुरावा कोणाच्या हातात होता ते प्रत्येक क्षणी सांगता आलं पाहिजे. साखळी तुटली की पुरावा मेला."

मी आमच्या स्वयंपाकघरातून एक स्टीलचा डबा नेला होता. कडीचा, चकचकीत. घरी परत आणून तो सीलबंद पिशवीसह फ्रिजवर ठेवला. पिशवीवर मार्करने मराठीत लिहिलं: पुरावा. हात लावू नये. मराठीत अशासाठी, की आमच्या घरात धोका फक्त आईपासून आहे. माझी धाकटी बहीण, पूर्वी, फोन सोडून कशालाच हात लावत नाही.

शुक्रवारी दुपारी जेवून झोपलो. उठलो तेव्हा फ्रिजवर डबा नव्हता.

"आई, इथला डबा?"

"रबियाभाभींचा? दिला की. केव्हाचा राहिला होता घरात, मला मेलीला लक्षातच नाही. काय म्हणतील त्या!"

"तो रबियाचाचींचा होता?"

"बुडाला नाव कोरलंय ना. बघितलं नाहीस?"

बघितलं नव्हतं. फॉरेन्सिक सायन्सचा पहिला धडा: वस्तू सर्व बाजूंनी पाहावी. मी चार बाजू आणि झाकण पाहिलं होतं.

"आई, त्यावर लिहिलं होतं, हात लावू नये."

"हात कुठे लावला? घासणीने घासला."

"घासला?"

"मग काय तसाच देऊ? आणि रिकामा कसा द्यायचा? रव्याचे लाडू घातले. तुझी ती पिशवी नीट कात्रीने कापलीय हं, फाडली नाही. चांगली जाड आहे. कोथिंबीर ठेवलीय त्यात."

मी फ्रिज उघडला. पुरावा, हात लावू नये, असं लिहिलेल्या पिशवीत कोथिंबीर होती. टवटवीत होती.

"Bro, you're so cooked," पूर्वी फोनमधून डोकं न काढता म्हणाली.

रबियाचाची आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. मूळच्या चिपळूणकडच्या. त्यांचे यजमान बदरुद्दीनचाचा भाजीचा धंदा करतात. मी बेल वाजवली तेव्हा चाचींच्या हातात लाडू होता, अर्धा.

"ये बाला, ये. लाडू झक्क झालेत हां. आईला सांग, वेलची जरा कमी."

"चाची, डबा हवा होता."

"कंचा? ह्यो आत्ता आलेला? तो चाचांनी नेला ना वफ्र्याला. शेतावर भाजी आणाया गेलेत. बिर्याणी भरून दिली त्यात." मग माझा चेहरा बघून, "का रे? आईला परत हवा काय? माजाच हाय ना तो?"

"तुमचाच आहे. पण तो पुरावा आहे."

"कसला पुरावा? माजा डबा माजाच हाय, त्याला पुरावा कशाला लागतोय? नाव हाय की बुडाला!"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं: ठसे, परीक्षा, इंग्लंड, साखळी. चाचींनी शांतपणे ऐकलं, लाडू संपवला आणि निकाल दिला.

"म्हंजे तू माजा डबा न इचारता कालेजात नेलास."

"हो."

"आन् वर मलाच इचारतोस, डबा खय गेला?"

गुन्ह्याचा छडा लागला होता. चुकीचा गुन्हा होता, पण छडा लागला होता.

चाचांना फोन लावला. ते म्हणाले, बिर्याणी कधीच संपली, शेतावरच्या बंगाली पोराने डबा वाळूने घासून लख्ख करून दिलाय, काळजी करू नको. वर त्याने डब्यात भेंडी भरून दिलीय, कोवळी आहे, तुझ्या आईलाही देतो. मी आभार मानले. दुसरं काय मानणार?

शनिवारी संध्याकाळी चाचा डबा घेऊन परतले, पण तो माझ्या हातात आला नाही. चाचींनी तो आधी आत नेला. नळाचा आवाज आला. एव्हाना आणखी एकदा धुतल्याने काय बिघडणार होतं? बाहेर आल्या तेव्हा डब्यात ओल्या नारळाच्या वड्या होत्या.

"चाची, हा मला रिकामा हवाय. उद्या परीक्षेत न्यायचाय."

"मास्तरीणबाईंकडं रिकामा डबा नेतोस? तुज्या आयशीला काय वाटेल? माज्याकडनं चाललाय तो."

मी वाद घातला नाही. त्या घरात वाद घालून कोणी जिंकल्याचा एकही पुरावा नाही.

रविवारी परीक्षा. समोर डॉ. हनान. भिंतीवरच्या पडद्यावर इंग्लंडमध्ये बसलेले बाहेरचे परीक्षक, स्वेटर घालून. मी टेबलावर कोथिंबिरीची पिशवी ठेवली, कोथिंबीर काढलेली. मग डबा ठेवला.

"सील कुठे आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"आईने कापलं, सर. कात्रीने. फाडलं नाही."

"आणि पुराव्यात काय आहे?"

"नारळाच्या वड्या."

पडदा काही क्षण हलला नाही. मला वाटलं नेट गेलं. नेट चालू होतं.

डॉ. हनाननी वड्या एका कागदावर काढून घेतल्या. एक खाल्ली, बहुधा तपासणीचा भाग म्हणून. मी पावडर मारायला सुरुवात केली. बाजूंवर दोन माणसं सापडली: तुपाच्या बोटांवरून रबियाचाची, आणि मी. आम्ही दोघंही चौघांच्या यादीत नव्हतो. झाकणावरही आम्हीच. मुदीरचं ऑफिस मला स्पष्ट दिसू लागलं. त्यात खुर्ची होती, व्हाउचरं होती.

मग मी डबा उलटा केला. पहिला धडा, उशिरा का होईना. बुडाशी कोरलं होतं: रबिया ब. परकार. आणि त्याच्या शेजारी दुकानाच्या जुन्या स्टिकरचा डिंक होता. स्टीलच्या भांड्यावरचा तो डिंक ज्यांनी काढून पाहिलाय त्यांना माहीत आहे. घासणीने जात नाही, राखेने जात नाही, वफ्र्याच्या वाळूनेही जात नाही. नुसता काळा होतो आणि राहतो. त्या डिंकात एक बोट रुतलं होतं. शंख, रेषा, मधे एक जुना काप, सगळं जसंच्या तसं. डबा हाताळताना कोणीतरी तो खालून धरला होता.

मी चौघांच्या ठशांची कार्डं शेजारी लावली. जुळलं. दुसऱ्या कार्डावरचं डावं मधलं बोट, कापासकट.

"क्रमांक दोन," मी म्हणालो. "मुझफ्फर."

डॉ. हनाननी बंद पाकीट उघडून पाहिलं आणि पडद्याकडे पाहिलं. "उत्तर बरोबर आहे."

"उत्तर उत्तम आहे," परीक्षक म्हणाले. आवाजात खरंच कौतुक होतं. "पण हा डबा दोन दिवस कोणाकोणाकडे होता?"

मी खरं सांगितलं. आई, चाची, चाचा, शेतावरचा मुलगा, पुन्हा चाचा, पुन्हा चाची, मी. लाडू, बिर्याणी, भेंडी, वड्या.

"साखळी तुटली," ते म्हणाले. "पुरावा ग्राह्य नाही. आणि तो आता सील करून कॉलेजच्या कपाटात राहील, अपिलाची मुदत संपेपर्यंत."

बाहेर पडताना डॉ. हनान दाराशी हळूच म्हणाल्या, "माझी आईसुद्धा शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत पाठवत नाही. पण माझी आई परीक्षा मंडळावर नाही."

घरी येऊन मी अपील लिहायला बसलो. आईने तेवढं विचारलं, "वड्या आवडल्या का त्यांना?" चाचींनी खालून फोन करून विचारलं, डबा कधी मिळेल. रात्री जेवताना बाबांनी माझं अपील वाचायला मागितलं. मला वाटलं आता मुदीरचा विषय निघेल. त्यांनी चष्मा लावला, पेन काढलं.

"'सबब' घाल," ते म्हणाले. "वजन येतं."

"हे इंग्रजीत द्यायचंय, बाबा."

"ते मी करतो. आधी मराठीत नीट होऊ दे. व्हाउचर आपल्याकडे आहेतच. लाडवांपासून सगळे साक्षीदार आहेत."

आम्ही बसून लिहिलं, ते असं:

प्रति, मा. परीक्षा मंडळ, फाउंडेशन वर्ष, फॉरेन्सिक सायन्स.

विषय: पुरावा क्रमांक एक (डबा, स्टील, कडीचा) व माझा निकाल.

महोदय, ताब्याची साखळी तुटली असा आपला निष्कर्ष आहे. नम्र निवेदन असे की आमच्याकडे डबा एका घरातून दुसऱ्या घरात गेला, तरी तो परत येईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे कोणीही मानत नाही, आणि रिकामा आला तर तो आलाच नाही असे समजतात. सदर डबा प्रत्येक हातातून भरून पुढे गेला आहे. अपवाद फक्त आपला. तो सध्या आपल्या कपाटात रिकामा आहे.

सबब विनंती, की सदर डबा मूळ मालकीण श्रीमती रबिया परकार, अब्बासिया, यांस मंडळाने परत करावा; तो रिकामा पाठवू नये; त्यात काय भरावे हे मंडळाने आपल्या बैठकीत ठरवावे, मात्र वेलची कमी असावी; आणि डबा भरून परत येईपर्यंत साखळी अखंड, परीक्षा चालू व अर्जदार इंग्लंडला जाणार असे धरण्यात यावे, ही विनंती.