दोनदा तपासायचं

"लहानपणी तुझ्या डाव्या कोपराला काय लागलं होतं?" मी विचारलं.

मुलगी समोर बसून पेपर वाचत होती. तिने डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवला, मान काही वर केली नाही. "खिडकीची फुटकी काच. तुम्ही 'मीच बसवतो' म्हणून महिनाभर तशीच ठेवली होती ती."

"किती टाके पडले?"

"चार. मागच्या रविवारीही चारच होते, बाबा."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "देऊन टाक गं उत्तरं. पास झालीस तर चहा मिळेल."

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. उत्तर बरोबर होतं आणि तीच तर अडचण होती. चार टाके मलाही माहीत होते. मला जे माहीत आहे तेवढंच ती सांगत असेल, तर ती माझ्याच डोक्यातून बोलत नाही हे कशावरून?

नीट सांगतो, नाहीतर तुम्हीही घरच्यांसारखे एकमेकांकडे बघाल. मी लिफ्टचा मेकॅनिक आहे, बत्तीस वर्षं झाली. कामावर मला 'खात्री' म्हणतात, आणि तोंडावर 'खात्रीकाका'. कोणी 'झालं' म्हणाला की मी विचारतो, 'खात्री केलीस?' तो 'हो' म्हणाला की स्वतः जाऊन बघतो. आमच्याकडे प्रत्येक तपासणी दोनदा करायची असते. एकदा जमलं तर तो योगायोग असू शकतो, दुसऱ्यांदा जमलं की मगच नोंदवहीत लिहायचं. हा नियम मी घरीही पाळतो. कुलूप दोनदा ओढतो, गॅसचं बटण दोनदा बघतो. संशयी म्हणा हवं तर. संशय घेतला म्हणून आमच्या धंद्यात आजवर कोणी मेलेलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी मात्र मी तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि केबिन समोर आहे असं धरून पाय पुढे टाकला. केबिन दोन मजले खाली होती. बत्तीस वर्षांत खात्री न करता टाकलेलं ते एकच पाऊल. जाग आली तेव्हा मी दवाखान्यात होतो, हाडं शाबूत, फक्त डोक्याला आणि पाठीला मार. डॉक्टर म्हणाले, "नशीब बलवत्तर तुमचं." पलंगाशेजारी माझी मुलगी माझा हात धरून बसली होती.

ही मुलगी सहा वर्षं घरात आलेली नव्हती. तिने स्वतःच्या मनाने लग्न ठरवलं तेव्हा मी दारात उभा राहून म्हणालो होतो, "आजपासून मला मुलगी नाही." त्यानंतर ना तिने फोन केला, ना मी. आणि आता ती दर रविवारी येऊ लागली. त्या जुन्या वाक्याबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. बायकोचं टोचून बोलणं बंद झालं. माझा उजवा गुडघा दहा वर्षं जिन्यावर कुरकुरायचा, तोही गप्प झाला.

आता मला सांगा, दोन मजले खाली कोसळलेल्या माणसाचा गुडघा बरा होतो का? सुखासुखी मला आयुष्यात काही मिळालेलं नाही. बसच्या रांगेतसुद्धा माझा नंबर आला की बस भरलेली असते. मग एकदम एवढं सगळं कसं? मला वाटायला लागलं की मी अजून लिफ्टच्या त्या खड्ड्यातच पडलेलो आहे आणि बेशुद्ध डोकं मला हवं तेवढंच दाखवतंय. चिमटे काढून पाहिले, पण दुखायला काय, स्वप्नातही दुखतं.

शेवटी एका बुधवारी जोडीदाराजवळ बोललो. वीस वर्षं आम्ही दोघं एकत्र काम करतोय. त्या दिवशी एका सहामजली इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत, वर्षाची तपासणी चालली होती.

"म्हणजे मीपण तुझ्या स्वप्नातच?" तो म्हणाला.

"असशील."

"मग लेका, डोक्यावर चार केस तरी द्यायचेस." त्याने टकलावरून हात फिरवला. मी हसत नाही असं बघून म्हणाला, "तुला नेमकी भीती कशाची वाटते?"

"जाग आली आणि पोरगी शेजारी नसली तर, याची."

त्याने पाना उचलून माझ्या हातात दिला. आम्ही पुढच्या कामाला लागलो. केबिनच्या तळाशी दोन पकडी असतात. केबिन भलत्याच वेगाने खाली जायला लागली तर त्या रुळांना आवळतात आणि केबिन जागच्या जागी थांबते. एरवी वर्षभर त्यांना काही काम नसतं. त्या चालतात की नाही हे बघायचं असेल, तर रिकामी केबिन मुद्दाम वेगाने खाली सोडावी लागते. आम्ही सोडली. हिसका बसला, सगळी इमारत दणाणली, केबिन थांबली. मग पुन्हा वर नेऊन पुन्हा सोडली.

"सोडल्याशिवाय कळत नाही बाबा," नोंदवहीत सही करत जोडीदार म्हणाला. तो लिफ्टबद्दल बोलत होता. मी ते वाक्य घरी घेऊन गेलो.

रविवारी मुलगी आली. चष्मा लावून पेपर उघडून बसली. मी मनाशी हिशेब मांडला होता. स्वप्न असेल तर मी काहीही बोललो तरी ती हसेल, कारण माझ्या स्वप्नात ती माझ्या इच्छेबाहेर जाणार नाही. आणि खरं असेल तर? तिथवर मी विचार केलाच नव्हता. रिकामी केबिन सोडायची असते, आत माणूस असताना नाही, हे बत्तीस वर्षं शिकलेल्या माणसाला त्या क्षणी आठवलं नाही.

"तू कशाला येतेस इथे?" मी म्हणालो. "मला मुलगी नाही."

पेपर खाली आला. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"काय म्हणालात?" तिने हळूच विचारलं.

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. 'थट्टा केली गं' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण एकदा झालं होतं, आणि एकदा म्हणजे काहीच नाही.

"मला मुलगी नाही," मी दुसऱ्यांदा म्हणालो. बटण दाबावं तसं, शांतपणे.

तिने चष्मा काढून पेपरवर ठेवला आणि मनगटाने डोळे पुसले. "हे वाक्य मी सहा वर्षं ऐकत होते. तुम्ही बेशुद्ध होतात ना, तेव्हा तीन दिवस मी तुमच्याशी भांडले त्यावरून. शेवटी नर्सने मला बाहेर काढलं. सगळं बोलून झालं होतं, बाबा, म्हणून नंतर तो विषय काढला नाही. मला वाटलं, संपलं."

ती उठून गेली. दार आपटलंसुद्धा नाही तिने.

मी बसून राहिलो. तीन दिवसांचं भांडण मला माहीत नव्हतं. ते माझ्या डोक्यात कुठेच नव्हतं, म्हणजे ते तिच्याकडूनच आलं होतं. समोर माझी खरीखुरी मुलगी बसली होती, आठ महिने, दर रविवारी.

बायको हात पुसत दारात आली. "झाली खात्री?"

"तूही बोलत नव्हतीस," मी म्हणालो. "इतकी वर्षं टोचायचीस, आणि एकदम गप्प झालीस. मला वाटलं..."

"घाबरले होते मी, म्हणून गप्प होते. आणि तो गुडघा तीन महिने बिछान्यात पडून होता, म्हणून बरा झालाय. एवढंही कळू नये माणसाला?" मग तिने कागदाच्या चिठोऱ्यावर पत्ता लिहून माझ्यासमोर ठेवला. न बघता, न अडखळता. सहा वर्षं ती तिथे जात होती. हेही मला माहीत नव्हतं.

मी मुलीचा चष्मा उचलला आणि सहज डोळ्यांना लावून पाहिला. भिंत, खुर्ची, बायको, सगळं विरघळल्यासारखं दिसलं. तिचा नंबर इतका वाढलाय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी फक्त टाके विचारत होतो.

चष्मा रुमालात गुंडाळून निघालो. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर गुडघा कुरकुरला.

तिची इमारत मी कधी पाहिलेली नव्हती. लिफ्ट जुनी होती, दाराच्या खाचेत कचरा साचलेला, आणि चौथ्या मजल्यावर ती दोन बोटं खालीच थांबली. असली लिफ्ट मी स्वप्नातही चालू ठेवली नसती. दोन बोटांची ती पायरी चढून बाहेर आलो. दारावर दोघांची नावं होती, रंगाने हाताने लिहिलेली. तिचं अक्षर मला ओळखू आलं.

बेल वाजवली. आतून चपलांचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. दारातलं भिंग क्षणभर काळं झालं. मी रुमाल उलगडून चष्मा वर धरला, तिला दिसेल असा. दाराच्या त्या बाजूला ती उभी होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. दार उघडलं नाही.

माझं बोट सवयीने पुन्हा बेलकडे गेलं. मी ते मागे घेतलं, हात खिशात घातला आणि तिथेच उभा राहिलो.